डोपस्मोकर: 'तासभर एकच रिफ' म्हणणारे आणि दहापैकी दहा देणारे

प्रश्न थोडक्यात असा: मित्रांनी फार शिफारस केली म्हणून स्लीप या बँडचा 'डोपस्मोकर' लावला. कुणी म्हणतं स्टोनर रॉकमध्ये (संथ, जड, गांजाच्या धुंदीशी नातं सांगणाऱ्या रॉकमध्ये) याच्या पुढे काही नाही, कुणी दहापैकी दहा देतं, कुणी 'तासभर एकच रिफ' (गिटारचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा) म्हणून हिणवतं, कुणी 'झोप लागली' एवढंच लिहून मोकळं होतं. विचारणाऱ्याने स्वतः २० मिनिटांत बंद केला, कारण स्वयंपाकघरातून आवाज आला, 'मिक्सर चालू राहिलाय का?' एकाच अल्बमवर इतकी दोन टोकं कशी, आणि यातलं खरं कुणाचं?

२० मिनिटांत बंद केलात यात लाजण्यासारखं काही नाही. बँडच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीलाही तो विकण्याजोगा वाटला नव्हता. आणि घरातून आलेली मिक्सरची तक्रार ही तर मी ऐकलेल्यांपैकी बरीच नेमकी प्रतिक्रिया आहे. ती का, ते पुढे सांगतो.

लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड आणि स्टुडिओतलं मिक्सिंग-मास्टरिंग हा माझा धंदा. जड संगीत करणारी पोरं स्टुडिओत येतात तेव्हा 'आमचा आवाज असा हवा' म्हणून ज्या चार-पाच रेकॉर्डांची नावं घेतात, त्यात हे नाव हमखास असतं. त्यामुळे तो कामासाठी ऐकावा लागतो, आणि त्यावर लोक काय बोलतात तेही कानावर पडत राहतं. माझं मत असं झालंय की या अल्बमवर कुणी काही म्हणालं, की त्याची आवड विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कुठली आवृत्ती ऐकलीस, कशावर ऐकलीस, आणि किती मोठ्याने. बहुतेक गाण्यांच्या बाबतीत या चौकशीने फारसा फरक पडत नाही. चांगली चाल फोनच्या स्पीकरवरही चांगलीच राहते. डोपस्मोकरमध्ये मात्र बँडने जवळजवळ सगळं भांडवल दोनच गोष्टींत घातलंय, वजन आणि वेळ. चाल नाही म्हटलं तरी चालेल, शब्द थोडे, सुरांचा पल्ला लहान. फोनने वजन काढून घेतलं आणि घाईने वेळ काढून घेतला, तर हातात काय उरणार? तुमच्या हातात तेच उरलं.

आधी आवृत्तीचं बघू, कारण इथेच निम्मे वाद होतात आणि वाद घालणाऱ्यांना पत्ताही नसतो.

स्लीप हा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा तिघांचा बँड. अल सिस्नेरोस बास आणि गायन, मॅट पाइक गिटार, ख्रिस हाकियस ड्रम्स. आधी चौथा गिटारवाला होता, जस्टिन मार्लर. तो बँड सोडून ऑर्थोडॉक्स मठात साधू झाला. (ही मी रचलेली दंतकथा नाही.) नव्वदीच्या सुरुवातीला इअरेक या ब्रिटिश कंपनीने त्यांचा 'होली माउंटन' काढला. बँडने पाठवलं होतं ते डेमो म्हणून, कंपनीने तेच जसंच्या तसं बाजारात आणलं. त्यावर नाव झालं आणि लंडन रेकॉर्ड्ससारख्या मोठ्या कंपनीशी करार झाला. मोठ्या कंपनीचे पैसे हातात आल्यावर कुणीही जरा सोपी, रेडिओवर वाजतील अशी गाणी केली असती. यांनी तासाभराचं एकच गाणं केलं. ध्वनिमुद्रण १९९६ साली, निर्मितीत बिली अँडरसन. टेपची रीळ काही तासभर चालत नाही, त्यामुळे गाणं तुकड्यातुकड्यांनी वाजवून मग जोडावं लागलं.

लंडन रेकॉर्ड्सने ते काढायला नकार दिला, ताणाताणी झाली आणि त्यातच बँड मोडला. मग १९९९ मध्ये 'जेरुसलेम' या नावाने सुमारे ५२ मिनिटांची आवृत्ती आली. सीडीवर ती सहा ट्रॅकमध्ये कापलेली होती. २००३ मध्ये टी पी रेकॉर्ड्सने 'डोपस्मोकर' नावाने ६३ मिनिटांची पूर्ण आवृत्ती काढली. २०१२ मध्ये सदर्न लॉर्डने तीच ब्रॅड बोटराइटकडून नव्याने मास्टर करून घेतली (म्हणजे तयार मिक्सच्या आवाजाचा शेवटचा तोल पुन्हा साधून घेतला), एरिक रोपरच्या वाळवंटातल्या चित्रासह.

आता प्रतिक्रियांकडे या. जुने ऐकणारे सांगतात, 'तिसरा भाग सगळ्यात जबरदस्त.' कुठला तिसरा भाग? गाण्यात असे भागच नाहीत, ते सीडीवरच्या ट्रॅकच्या आकड्यांतून आलेले आहेत. पण आकडे पडले की कान त्याप्रमाणे ऐकायला लागतो. माणूस थेट चौथ्यावर उडी मारतो, आवडला तर तिथेच परत येतो. ज्याने ६३ मिनिटांची एकच पट्टी पाहिली, त्याला अशी सोय नाही. त्याच्या मनात पहिल्या मिनिटापासून 'अजून ५५ मिनिटं आहेत' हे चालू असतं. एलपीवर ऐकणाऱ्याची तिसरीच तऱ्हा: गाणं तीन बाजूंवर पसरलेलं, म्हणजे दर २० मिनिटांच्या आसपास उठायचं, तबकडी उलटायची किंवा बदलायची, बसायचं. आपोआप मध्यंतर मिळतं. एलपीवाले या अल्बमला सहसा कंटाळवाणा म्हणत नाहीत, आणि त्याचं श्रेय ते तबकडीच्या आवाजाला देतात. मला वाटतं, त्यात उठण्या-बसण्याचाही वाटा मोठा आहे.

मी स्वतः २०१२ची आवृत्ती सुचवतो. त्यात ड्रम्स गिटारच्या भिंतीतून बाहेर येतात, आणि ड्रम्स नीट ऐकू न येणं हे 'काहीच घडत नाही' या तक्रारीचं एक मोठं कारण आहे. जुनी गढूळ आवृत्तीच खरी असं मानणारेही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता तो मिक्सर.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार 'ई'वर असते, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झ. स्लीपचं ट्यूनिंग 'सी'वर उतरवलेलं. ती तार ६५ हर्ट्झला येते, आणि बासची तार त्याच्याही एक सप्तक खाली, सुमारे ३३ हर्ट्झला. तारा ढिल्या करण्याची ही रीत ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याच्यापासून चालत आली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बमपर्यंत त्याने ताण दीड स्वर खाली आणला होता. स्लीपने ती वाट आणखी खाली नेली.

त्यातही एक गंमत आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम एकत्र. त्यांच्या कंपनांचं प्रमाण २ : ३. फझ किंवा जोरदार डिस्टॉर्शनमधून (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) हे दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो, ३ उणे २ बरोबर १, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. गिटारवाला ६५ आणि ९८ हर्ट्झ वाजवतोय, आणि अँपमधून (गिटारच्या अँप्लिफायरमधून) सोबत ३३ हर्ट्झही निघतंय, जे त्याने वाजवलेलंच नाही. खाली बास नेमका तिथेच बसलेला. जड आवाज म्हणतात तो हा. गिटार आणि बास वेगळे काढता येत नाहीत अशी तक्रार बरेच जण करतात. ते वेगळे निघू नयेत अशीच रचना आहे.

हे सगळं फोनवर लावलं की काय होतं? फोनचा स्पीकर नखाएवढा. काहीशे हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फारसं काही निघत नाही. ६५ गेलं, ३३ तर दूरच. मेंदू वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर ओळखतो, म्हणून रिफ कोणती ते कळतं, चुकत नाही. पण हवा हलत नाही. उरते ती फझची मधल्या पट्टीतली खरखर, न थांबणारी, एकाच ताणाची. मिक्सर म्हणतात तो हाच. घरातलं माणूस बरोबर बोललं; त्याच्यापर्यंत जे पोचलं त्याचं ते अचूक वर्णन आहे.

बरं, चांगले हेडफोन लावले तरी हळू आवाजात ऐकलं तर पुन्हा तेच. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आपला कान हळू आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतो. साध्या गप्पांहून हळू अशा पातळीवर, ६३ हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटायला हवा तर त्याला ३० डेसिबलहून जास्त जोर द्यावा लागतो. आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होते. म्हणजे रात्री घरचे झोपलेले असताना हळू लावलेला डोपस्मोकर आणि दुपारी मोठ्याने लावलेला डोपस्मोकर यांत फक्त आवाजाचा फरक नाही, मिक्सच वेगळं होतं. 'रात्री शांतपणे ऐकून बघ' हा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो दुसऱ्या कुठल्या तरी संगीताचा आहे.

आणि स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी खोलीची गोष्ट. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण १० बाय १० फुटांची, छत साडेनऊ फूट. तीन मीटरच्या या अंतरात आवाजाची पहिली उभी लाट ५६ हर्ट्झच्या आसपास उठते, आणि लांबी, रुंदी, उंची तिन्ही जवळपास सारखी असल्यामुळे तीनही लाटा एकाच ठिकाणी गोळा होतात. अशा लाटेचा जोर भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मध्यावर सगळ्यात कमी. तुम्ही मधोमध खुर्ची टाकून अगदी नीट ऐकायला बसलात, तर रिफचा तळच गायब होणार. पलंगावर भिंतीला टेकून लोळत ऐकणाऱ्याला तोच तळ दुप्पट फुगून ऐकू येणार. एकाच घरात भावाभावांची मतं वेगळी पडायला एवढं पुरतं. माझ्या ओळखीच्या एकाने महागडे स्पीकर घेतल्यावर 'अल्बमचं रेकॉर्डिंगच पातळ आहे' असं ठरवून टाकलं होतं. खुर्ची तीन फूट मागे सरकवली आणि तक्रार मिटली. स्पीकर मात्र तोवर विकायला काढलेले.

म्हणून प्रतिक्रिया वाचताना माझा एक ठोकताळा आहे. ज्यात शरीराचा उल्लेख येतो, छातीत धडकलं, खिडकीच्या काचा वाजल्या, पोटात हललं, त्या माणसाने अल्बम ऐकलाय. त्याला आवडो न आवडो. ज्यात फक्त 'कर्कश', 'गोंगाट', 'डोकं दुखलं' येतं, त्याच्यापर्यंत वरची अर्धी बाजूच पोचली असण्याची शक्यता दाट आहे. जड रॉक नीट पोचलं तर ते कर्कश वाटत नाही, उलट त्यात एक गुबगुबीतपणा असतो, आणि त्याच्याच तक्रारी येतात: सुस्ती आली, झोप लागली. 'झोप लागली' हे लिहिणाऱ्याने, माझ्या मते, २० मिनिटांत बंद करणाऱ्यापेक्षा अल्बम जास्त ऐकला.

वजनाचं झालं. आता वेळ, आणि 'काहीच घडत नाही' ही तक्रार.

सुरुवातीला गिटार एकटी, मग बास आणि ड्रम्स खाली येऊन बसतात, आणि गाणारा तोंड उघडतो ते सुमारे आठ मिनिटांनी. आठ मिनिटं म्हणजे साध्या रॉक अल्बमची दोन गाणी. रोजच्या सवयीचा कान या आठ मिनिटांत प्रस्तावना ऐकत असतो, 'गाणं कधी सुरू होणार' म्हणून. आणि गायन सुरू होतं तेही एकसुरी, मठातल्या पठणासारखं, रिफच्याच अंगाने जाणारं. त्यामुळे वाट पाहणाऱ्याचा दुसऱ्यांदा भ्रमनिरास. बहुतेक माणसं इथेच गळतात. तुम्ही २० मिनिटं टिकलात हे लक्षात घ्या.

मग घडतं काय? गिटार तेच वाक्य म्हणत असते, पण ड्रम्स तेच म्हणत नसतात. एक प्रयोग करा: दहाव्या मिनिटापासून पाच मिनिटं फक्त हाकियसकडे कान लावा, बाकी काही ऐकू नका. रिफचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होताना तो जे भरतो, ते दर वेळी वेगळं येतं. कधी स्नेअरवर दोन ठोके अलीकडे, कधी टॉमवरून खाली घरंगळत, कधी काहीच नाही, नुसता सिंबल सोडून दिलेला. रिफ स्थिर आहे म्हणून हे दिसतं. रिफही हलली असती तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. आमच्या सरावाच्या खोलीत एकदा एका तबलजी मित्राला हे ऐकवलं होतं. त्याला गिटारशी काही देणंघेणं नव्हतं. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, 'हा माणूस घड्याळाने वाजवत नाहीये, वजन उचलतो तसा वाजवतोय, ठेवताना किंचित उशीर करतो.' मला इतकी वर्षं जे शब्दांत सांगता आलं नव्हतं ते त्याने पहिल्याच ऐकण्यात सांगितलं. क्लिकवर (कानातल्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवणाऱ्या पोरांना मी आता हेच सांगतो: ठेवताना उशीर करा.

मग पाइकची सोलो येतात, लांबलचक. इथे बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं आणि ते 'सोलो छान' असं लिहितात. माझ्या मते सोलो हा या अल्बमचा कमजोर भाग आहे. चांगले आहेत, पण ते कुठल्याही चांगल्या रॉक अल्बममध्ये चालले असते. सोलोनंतर रिफ परत येते तो क्षण मात्र फक्त इथेच मिळतो, आणि तो मिळण्यासाठी आधीची २० मिनिटं त्या रिफखाली बसावंच लागतं. तो क्षण कापून पाच मिनिटांच्या तुकड्यात कुणी ऐकवला तर त्यात काहीही नाही, साधी रिफ आहे.

आपल्याकडचे ऐकणारे इथे हमखास म्हणतात, 'अरे, हा तर विलंबित खयाल.' कौतुकाने म्हणतात, पण मला हे फार पटत नाही. विलंबित एकतालाचं आवर्तन एकेक मिनिटाचं असू शकतं, समेची वाट बघणं आहे, समेला मान हलते, आणि रिफ परत पायावर येते तेव्हा स्लीपच्या श्रोत्यांचीही मान हलते, इथपर्यंत ठीक. पण खयालात बढत असते. एकेक सूर उघडत राग वर चढतो, तासाभराने तुम्ही निघालात तिथून बरेच लांब असता. डोपस्मोकरमध्ये बढत नाही. एक सूर उघडला की तो उघडाच, आणि पुढचा उघडायची त्यांना घाई तर नाहीच, इच्छाही नाही. खयाल समजून ऐकायला बसलेला आपला जाणकार म्हणूनच साध्या रॉकवाल्यापेक्षा जास्त वैतागतो. तो बढत शोधत बसतो. त्यापेक्षा कान तंबोऱ्याकडे लावावा. गायकाच्या मागे जे चाललंय तेच पुढे आणून ठेवलंय, असं समजून ऐकलं तर जमतं. सिस्नेरोसचा पुढचा प्रवासही तिकडेच गेला. त्याने आणि हाकियसने मिळून ओम हा बँड काढला, त्यात गिटारच नाही, बास आणि ड्रम्स. पुढे हाकियस बाहेर पडला, तंबोरा आत आला, आणि २०१२च्या 'अद्वैतिक साँग्ज'ची सुरुवात चक्क महामृत्युंजय मंत्राने होते. आपल्या घरांत डोपस्मोकरला नाक मुरडणारी माणसं तो अल्बम मुकाट्याने ऐकून घेतात, कधीकधी आवडीनेही. त्यात मंत्राच्या ओळखीचा भाग किती आणि संगीताचा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शब्दांवरून होणारी भांडणं मला फार महत्त्वाची वाटत नाहीत, तरी दोन वाक्यं. गोष्ट अशी की गांजाचे भक्त वाळवंटातून पवित्र भूमीकडे तांड्याने निघालेत, आणि ते सगळं बायबली थाटाच्या भाषेत. काहींना हे पोरकट वाटतं, काहींना थट्टा, काहींना खरी भक्ती. मला वाटतं बँडने ती थट्टा इतक्या गंभीरपणे आणि इतका वेळ लावून धरलीय की शेवटी ती थट्टा राहत नाही. तुम्हाला पोरकट वाटली तर तेही समजू शकतो; मी शब्द न ऐकता कितीतरी वेळा ऐकलाय आणि अल्बमचं काही अडत नाही.

यालाच जोडून येणारी प्रतिक्रिया: 'हे ऐकायचं तर ओढायला हवं, त्याशिवाय कळत नाही.' हे दोन्ही बाजू म्हणतात, चाहते अभिमानाने आणि टीकाकार हिणवून. माझ्या अनुभवात हे खोटं आहे. मी हे कामाच्या टेबलावर, चहा पीत, शुद्धीत ऐकतो आणि ड्रम्समधले बारकावे ऐकू यायला शुद्धच लागते. नशेत वेळ लांबल्यासारखा वाटत असेल. इथे वेळ लांबवण्याचं काम बँडने आधीच करून ठेवलंय. शिवाय आपल्याकडे तो गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता दहापैकी दहा देणारे. यांच्याबद्दलही थोडं संशयानेच वाचावं. या अल्बमभोवती एक गोष्ट तयार झालीय: तीन पोरं, मोठी कंपनी, तासाचं एकच गाणं, नकार, बँड मोडला, वर्षानुवर्षं टेप पडून, मग पुनर्जन्म. पुढे २००९ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, नंतर ड्रम्सवर न्युरोसिस या बँडचा जेसन रोडर बसला, आणि २० एप्रिल २०१८ला त्यांनी फारशी पूर्वसूचना न देता 'द सायन्सेस' काढला. पाइकला त्याच्या हाय ऑन फायर या दुसऱ्या बँडसाठी २०१९ मध्ये ग्रॅमी मिळालं. इतकी चांगली गोष्ट असली की लोक गोष्टीला गुण देतात. दहापैकी दहा देणाऱ्याला एवढंच विचारा की ४० मिनिटांनंतर तुझं लक्ष कुठे होतं. प्रामाणिक चाहता सांगतो, 'भटकलं होतं, मग परत आलं.' तो विश्वासार्ह. 'एक सेकंदही नजर हटली नाही' म्हणणाऱ्याने बहुधा पहिला अर्धा तास ऐकून बाकीचं प्रतिष्ठेवर सोडलेलं असतं. मी स्वतः गुण द्यायचे तर आठ देईन, आणि ते कापलेले दोन ६३ मिनिटांतल्या त्या दहा-अकरा मिनिटांसाठी, जी 'जेरुसलेम'मध्ये नाहीत आणि मला कधी आठवलीही नाहीत.

प्रत्यक्ष मैफलीत हे सगळं सोपं होतं. तिथे मोठे अँप, मोठे सबवूफर, आणि सोबत मान हलवणारी गर्दी. आपल्याकडेही या वळणाचे बँड आहेत, बंगळुरूचा बेवर सी, मुंबईचा डर्ज. त्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा असं संगीत ऐकलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि फोनवर पहिल्यांदा ऐकलेल्याची प्रतिक्रिया यांची तुलनाच होत नाही. मी साउंडच्या कन्सोलवर असलो की एक गोष्ट नेहमी दिसते: रिफ सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं लोक मोबाइल वर धरून उभे असतात, मग एकेक मोबाइल खाली जातो. कुणी 'वा' म्हणत नाही, टाळ्याही मध्ये येत नाहीत. खाली पाहून माना हलत असतात. बाहेर पडल्यावर विचारलं तर 'भारी होतं' यापलीकडे सांगता येत नाही त्यांना, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मोठ्या आवाजाची शिफारस करतोय म्हणून धंद्याची एक सूचनाही देतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि हा अल्बम ६३ मिनिटांचा आहे. हेडफोन पूर्ण उघडून अख्खा ऐकू नका. स्पीकरवर, ९० च्या आत, तेवढ्यात छातीपर्यंत पोचतो. फोनवर आवाज मोजायची मोफत ॲप्स मिळतात. अगदी काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. कानात शिट्टी वाजायला लागली तर तिथेच थांबा, ती कौतुकाची गोष्ट नाही. आणि शेजाऱ्यांचं बघा: ३३ हर्ट्झ भिंत ओळखत नाही, रिफ तुमच्यापेक्षा खालच्या मजल्यावर नीट ऐकू जाते.

तर तुमच्यापुरतं. २०१२ची आवृत्ती घ्या, सुट्टीच्या दुपारी, घरातली माणसं बाहेर असताना. मिळाला तर कुणाचा सबवूफर मागून आणा. नाही तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन, मध्यम आवाजात. खुर्ची भिंतीकडे सरकवा. घड्याळ आणि ट्रॅकची पट्टी दिसणार नाही असं करा. मध्ये पाणी प्यायला उठलात तर बिनधास्त उठा, एलपीवाले उठतातच. सोलो संपून रिफ परत येते तिथपर्यंत पोचा. तिथे काहीच झालं नाही, तर हा अल्बम तुमचा नाही. सोडून द्या आणि क्युसचा १९९४चा 'वेलकम टू स्काय व्हॅली' घ्या. पाम डेझर्टच्या त्या बँडनेही सीडीवर गाणी तीन लांब ट्रॅकमध्ये बांधली होती, जेणेकरून ऐकणाऱ्याने उड्या मारू नयेत. पण आत वेगवेगळी गाणी आहेत, चाली आहेत, वेग बदलतो, आणि गिटार बासच्या अँपमधून वाजवलेली असल्याने वजन तसंच मिळतं. स्टोनर रॉकची ओळख करून घ्यायची तर खरं म्हणजे तिथूनच सुरुवात करायला हवी होती. तुमच्या मित्रांनी थेट डोपस्मोकर हातात दिला. त्यांना विचारा, त्यांनी स्वतः तो शेवटपर्यंत कशावर ऐकलाय.